खवळलेला समुद्र आणि साठीपुढचा प्रवासी

दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की दवाखान्यात येणाऱ्या प्रश्नांमध्ये हल्ली एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. पूर्वी मंडळी चारधामला किंवा अमरनाथला निघण्याआधी रक्तदाब तपासून घ्यायला यायची. आता क्रूझला निघण्याआधी येतात. खरे म्हणजे ज्यांना जायचे आहे ते येतच नाहीत. त्यांचा मुलगा किंवा सून येते आणि उभ्याउभ्याच म्हणते, "डॉक्टरकाका, आई-बाबांना बोटीवर पाठवतोय. तिकिटे काढली आहेत. उलटीची एखादी चांगली गोळी लिहून द्या."

यात मुलांचा हेतू चांगलाच असतो. ज्या आईवडिलांनी आयुष्यभर एस.टी.ने प्रवास केला, त्यांना चार दिवस समुद्रावर राजेशाही थाटात ठेवावे असे वाटणाऱ्या मुलांचे कौतुकच करायला हवे. शिवाय गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही सहल सोयीची असते. रोज सामान बांधायला नको, रोज नव्या हॉटेलचे जिने चढायला नकोत. खोली आपल्याबरोबरच प्रवास करते. त्यामुळे मी कोणाला सरसकट "जाऊ नका" असे सांगत नाही. माझे म्हणणे क्रमाबद्दल आहे. आपल्याकडे तिकीट आधी निघते आणि प्रकृतीचा विचार नंतर होतो. समुद्र शांत असेल तर या उलट्या क्रमाने काही बिघडत नाही. तो खवळला तर मात्र बिघडते, आणि ते तरुणांपेक्षा साठीपुढच्या माणसांचे जास्त बिघडते.

बोट का लागते?

मराठीत 'बोट लागणे' हा वाक्प्रचार आहे. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला जाणाऱ्या बोटींनी ज्यांनी प्रवास केला, त्या पिढीला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. लिंबू, आवळासुपारी आणि रिकामे डबडे घेऊनच ती माणसे बोटीत चढत. आजची क्रूझ म्हणजे बारा-चौदा मजली वातानुकूलित इमारत. तिच्यात बोट कशी लागेल, असे लोकांना वाटते. इमारत कितीही मोठी असली तरी ती पाण्यावरच उभी असते, हे ते विसरतात.

आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे एक लहानसे इंद्रिय असते. शरीर वर जाते आहे की खाली, कोणत्या बाजूला कलते आहे, ही खबर ते मेंदूला देत असते. बंद खोलीत बसलो की डोळे सांगतात, "भिंती स्थिर आहेत." त्याच वेळी कान सांगतो, "आपण वरखाली होतो आहोत." या दोन खबरींचा मेळ बसत नाही. त्या गोंधळातून जांभया, थंड घाम, मळमळ आणि शेवटी उलटी हा क्रम सुरू होतो. साधारण पाच सेकंदांत एकदा वरखाली होणारी संथ हालचाल सर्वांत त्रासदायक ठरते. ज्यांचे कानातले हे इंद्रिय पूर्णपणे निकामी झालेले असते, त्यांना बोट लागतच नाही. यावरून दोष पोटाचा नसून तोलाच्या यंत्रणेतल्या गोंधळाचा आहे हे लक्षात यावे.

यात लाजण्यासारखेही काही नाही. इंग्लंडचा विख्यात नौसेनानी नेल्सन याला वादळी हवेत बोट लागत असे. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी जवळजवळ पाच वर्षे 'बीगल' जहाजाबरोबर होता आणि या त्रासाने बेजार झाला होता. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना बोट सहसा लागत नाही. तीन ते बारा वर्षांच्या मुलांना सर्वांत जास्त लागते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना, गरोदर महिलांना आणि अर्धशिशी असणाऱ्यांना ती लवकर लागते. उतारवयात हे प्रमाण उलट कमी होते. बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत हालचालीला सरावते. मात्र मुंबईहून निघणाऱ्या बऱ्याच सहली दोन-तीन रात्रींच्याच असतात. म्हणजे शरीर सरावेपर्यंत सहल संपलेली असते.

म्हातारपणी बोट कमी लागते, मग काळजी कशाची? काळजी अशी, की एकदा लागली तर त्या वयात तिचे परिणाम वेगळे होतात.

एकच नाव, अनेक दुखणी

समुद्र खवळला की बोटीवरच्या प्रत्येक दुखण्याला 'बोट लागली' हे एकच नाव मिळते. माझ्या मते खरा धोका इथे आहे.

आमच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण देतो. मधुमेह पंधरा वर्षांचा, गोळ्यांवर उत्तम आटोक्यात. दुसऱ्या संध्याकाळी वारा वाढला, बोट डुलू लागली आणि त्यांना उलट्या सुरू झाल्या. रात्री जेवण गेले नाही, पण साखरेची गोळी त्यांनी घेतली. गोळी चुकवायची नाही, ही पंधरा वर्षांची शिस्त. पहाटे ते घामाने निथळत होते आणि असंबद्ध बोलत होते. शेजारच्या खोलीतल्या मंडळींनी सांगितले, "वहिनी, घाबरू नका, बोट लागली आहे, सगळ्यांचेच असे झाले आहे. झोपू द्या त्यांना." वहिनींनी ऐकले नाही. त्यांनी बोटीवरच्या डॉक्टरांना बोलावले. रक्तातली साखर निघाली ४८. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर सर शुद्धीवर आले. "झोपू द्या" हा सल्ला त्यांनी मानला असता तर काय झाले असते, ते सांगायला नको.

मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या, आणि इन्शुलिन ही औषधे आपण जेवलो की नाही याची वाट पाहत नाहीत. पोटात अन्न नसले तरी ती साखर खाली आणतात. अलीकडे अनेकांना दिल्या जाणाऱ्या, नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' असलेल्या गोळ्या उलट्या आणि उपास चालू असताना घेत राहिल्या तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि त्यात दिवसभर उलट्या झाल्या, तर शरीरातले पाणी दोन्ही बाजूंनी जाते. त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो.

दुसरी गोष्ट हृदयाची. मधुमेही माणसाला आणि वयस्कर स्त्रियांना हृदयविकाराचा झटका येताना छातीत दुखेलच असे नसते. कधी नुसती मळमळ, दरदरून घाम आणि गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच होते. ही लक्षणे बोट लागण्याच्या लक्षणांशी किती जुळतात ते पाहा. तिसरी गोष्ट अर्धांगाची. चक्कर आणि उलटीबरोबर बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, दोन-दोन दिसू लागले, तर तो समुद्राचा दोष नाही.

म्हणून साठीपुढच्या माणसाच्या बाबतीत साधा नियम ठेवावा. शेजारच्या दहा जणांना उलट्या होत असल्या तरी आपल्या माणसाकडे स्वतंत्रपणे पाहावे. घाम, छातीत किंवा जबड्यात दुखणे, दम लागणे, असंबद्ध बोलणे, आठ-दहा तास लघवी न होणे किंवा घोटभर पाणीही न टिकणे, यांतले काही असेल तर बोटीवरच्या डॉक्टरांना लगेच बोलवावे. मधुमेही असेल तर आधी साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नये.

बोट तरते, माणूस पडतो

खवळलेला समुद्र म्हटले की लोकांना बोट बुडण्याची भीती वाटते. आधुनिक प्रवासी जहाजे वादळी हवा सोसण्याइतकी भक्कम असतात. माणूस मात्र तेवढा भक्कम नसतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये 'स्पिरिट ऑफ डिस्कव्हरी' हे ब्रिटिश क्रूझ जहाज बिस्केच्या उपसागरात वादळात सापडले. पन्नाशीपुढच्या प्रवाशांसाठीच सहली काढणाऱ्या कंपनीचे हे जहाज. सुमारे एक हजार प्रवाशांपैकी शंभरच्या आसपास जखमी झाले. जहाज तरलेच, जखमा झाल्या त्या माणसे पडून आणि आपटून. त्याआधी २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ 'व्हायकिंग स्काय' या जहाजाची इंजिने वादळात बंद पडली. इंजिनांतल्या तेलाची पातळी कमी होती. जहाजावर १,३७३ माणसे होती. त्यांतल्या ४७९ जणांना एकेक करून हेलिकॉप्टरमध्ये उचलून घ्यावे लागले. सरकणारे सामान आणि छतातून खाली येणाऱ्या फळ्या यांची दृश्ये तेव्हा जगभर दिसली. तेही जहाज दुसऱ्या दिवशी बंदराला लागले.

अशा घटना वारंवार घडत नाहीत. पण त्यांतून शिकण्यासारखे आहे ते रोजच्या मध्यम खवळलेल्या समुद्रालाही लागू पडते. आपल्याकडे साठीपुढच्या अनेक स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात आणि ते त्यांना माहीतही नसते. घरच्या मोरीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडते, तर डुलणाऱ्या बोटीच्या न्हाणीघरात काय होईल? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या डोक्याला लागले तर वरून साधे टेंगूळ दिसते आणि आत रक्तस्राव होऊ शकतो. शस्त्रक्रियेची सोय किनाऱ्यावर असते, बोटीवर नसते.

यावर उपाय अगदी साधे आहेत. कप्तानाने खोलीत थांबायला सांगितले की थांबावे. "एवढे पैसे भरलेत, खोलीत काय बसायचे" हा विचार तेव्हा नको. चालताना एक हात कठड्याला असावा, म्हणजेच दोन्ही हातांत ताटे घेऊन चालू नये. दाराच्या फटीत बोटे ठेवू नयेत, कारण बोट कलली की जड दार आपोआप आपटते. चपला सोडून मागून पट्टा असलेले, तळाला पकड असलेले पादत्राण वापरावे. रात्री लघवीला उठताना दिवा लावावा, पलंगाच्या कडेला क्षणभर बसावे आणि मगच उभे राहावे. आंघोळ एक दिवस राहिली तर काही बिघडत नाही.

गोळी म्हणजे पेपरमिंट नव्हे

आता त्या गोळीकडे वळू. बोट लागण्यावर चालणारी प्रोमेथाझिन, सिनारिझिन यांसारखी औषधे आपल्याकडे निरनिराळ्या नावांनी मिळतात. ती गुणकारी आहेत, पण प्रवास सुरू होण्याच्या एक-दोन तास आधी घेतली तरच. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बऱ्याचदा उलटीबरोबरच बाहेर पडते. पोट बिघडल्यावर आपण घेतो ती ऑन्डानसेट्रॉनची गोळी बोट लागू नये म्हणून उपयोगाची नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते.

या औषधांनी झोप येते. तरुण माणूस झोपून जातो. सत्तरीचा माणूस त्या गुंगीतच उठून चालू लागतो आणि पडतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडू शकते. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब एकाएकी वाढू शकतो. काही वृद्धांना भ्रम होतो, आपण कोठे आहोत तेच कळेनासे होते. झोपेची गोळी किंवा मद्य बरोबर घेतले तर गुंगी दुप्पट होते. म्हणून मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन ही गोळी सत्तरीच्या माणसाला पाठवणे मला पटत नाही. त्याच्या चालू गोळ्यांची पिशवी आधी माझ्या टेबलावर आली पाहिजे. सहलीवरून आल्यावर उरलेली पाकिटे "चक्कर येते म्हणून" रोज घेत बसणेही चुकीचे. सिनारिझिन महिनोन्महिने घेतल्याने वृद्धांना हातापायांचा कंप आणि ताठरपणा येऊ शकतो.

औषधाशिवायही पुष्कळ करता येते. खोली घेताना बोटीच्या मध्यभागातली आणि खालच्या मजल्यावरची मागावी. तिथे हालचाल सर्वांत कमी असते. मळमळ वाटू लागली की मोबाईल आणि पुस्तक बाजूला ठेवावे, मोकळ्या हवेत बसून दूर क्षितिजाकडे पाहावे. बाहेर जाण्यास मनाई असेल तर डोळे मिटून उताणे पडावे. पोट तुडुंब भरू नये आणि अगदी रिकामेही ठेवू नये. कोरडी बिस्किटे, लाह्या, मऊ भात थोडा थोडा घ्यावा. आल्याच्या वडीने काहींना बरे वाटते आणि तिचा अपाय नाही. मधुमेह्यांनी वडीऐवजी आल्याचा तुकडा चघळावा. उलट्या झाल्यास ओ.आर.एस.ची पुडी लिटरभर पाण्यात विरघळवून चमच्याचमच्याने पाजावी. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

केव्हा जावे, हे कोणी सांगत नाही

आपल्या सुट्ट्या आणि समुद्राचा स्वभाव यांचे जमत नाही. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो हे किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही ठाऊक आहे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात, कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात. परंतु अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे दिवस पावसाळ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे असतात. एक मे-जूनचा, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. म्हणजे नेमक्या आपल्या मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या. २०१९ मध्ये ऐन दिवाळीत 'क्यार' हे महाचक्रीवादळ अरबी समुद्रात होते. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' मुंबईजवळून गेले. अशा वेळी जहाजे मार्ग बदलतात किंवा निघतच नाहीत, त्यामुळे जिवाची भीती बाळगण्याचे कारण नाही. पण शेकडो मैलांवरच्या वादळाच्या लाटाही दूरवर पोचतात. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख बसवलेले असतात, त्यांनी आडवे डुलणे कमी होते. पुढून-मागून वरखाली होणे त्यांना फारसे थांबवता येत नाही. वयस्कर माणसांना न्यायचेच असेल तर माझ्या मते जानेवारी-फेब्रुवारी बरा. सुट्टी मुलांच्या शाळेला असते, निवृत्त माणसाला कसली सुट्टी?

इथे सहल कंपन्यांबद्दलही बोलले पाहिजे. त्यांच्या पत्रकात पोहण्याचा तलाव असतो, नाटकगृह असते, किती प्रकारचे जेवण तेही असते. समुद्र खवळला तर काय, याबद्दल सहसा चकार शब्द नसतो. बोटीवर डॉक्टर आहे का, त्याची फी किती, ती कोणी द्यायची, मध्येच बंदरात उतरवावे लागले तर खर्च कोणाचा, हे ग्राहकाने खोदून विचारल्याशिवाय कळत नाही. साठीपुढच्या प्रवाशाला पैसे भरण्याआधी ही माहिती मराठीत, एका पानावर, लेखी मिळाली पाहिजे असे माझे मत आहे. ती मिळेपर्यंत आपणच विचारावी. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये परदेशातला खर्च धरलेला आहे असे गृहीत धरू नये, पॉलिसी वाचावी. प्रकृतीचा फॉर्म भरताना "हृदयविकार आहे म्हटले तर नेणार नाहीत" या भीतीने आजार लपवू नये. लपवलेला आजार समुद्रावर उघडा पडतो तेव्हा विमाही हात वर करू शकतो.

आता मुलांना काय करावे ते सांगतो. तिकीट काढण्याआधी आई-बाबांना घेऊन आपल्या डॉक्टरांकडे या. उलट्या झाल्या आणि जेवण गेले नाही तर कोणती गोळी थांबवायची, कोणती अर्धी करायची आणि कोणती कधीच थांबवायची नाही, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. स्वतःच्या मनाने ठरवू नका. इन्शुलिन तर पूर्ण बंद करणे धोक्याचेच. तो कागद, साखर तपासण्याचे यंत्र, सहल संपल्यावरही चार दिवस पुरतील एवढी औषधे आणि ओ.आर.एस.च्या पुड्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, वारंवार तोल जाणारी किंवा एकट्याने न्हाणीघरात जाऊ न शकणारी व्यक्ती असेल, तर डॉक्टर "यंदा नको" म्हणतील. ते ऐका.

एक शब्द आई-बाबांसाठीही. मुलांनी हौसेने ठरवले आहे, त्यांचा विरस कसा करायचा, म्हणून अनेक वडीलधारी माणसे मनात नसताना होकार देतात आणि आपली चक्कर, आपले पडणे झाकून ठेवतात. असे करू नका. "मला बोट झेपणार नाही, त्यापेक्षा आपण सगळे मिळून गणपतीपुळ्याला चार दिवस राहू" असे सांगण्यात कमीपणा कसला? समुद्र किनाऱ्यावरूनही तितकाच सुंदर दिसतो. आणि जायचेच ठरले, तर कागद खिशात, हात कठड्याला आणि मन निर्धास्त ठेवून जा. परत आल्यावर फोटो दाखवायला दवाखान्यात जरूर या.